दोन बशा

सासूबाईंनी हवालदाराला मानगुटीला आणि पोटाखाली धरून उचललं, तेव्हा त्याच्या पंजाची नखं बशीच्या कडेत अडकलेली होती. त्यामुळे बशीही त्याच्याबरोबर वीतभर वर आली आणि मग खणकन फरशीवर आपटली. फुटली नाही. सांडण्यासारखं तिच्यात काही उरलंही नव्हतं. चाटूनपुसून लख्ख झाली होती.

"संपलं. सगळं फस्त," सासूबाई म्हणाल्या.

तो, त्यांचा जावई, तोंडात ब्रश धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होता. टेबलाखाली कापशी, पाय पोटाशी घेऊन, हा सगळा प्रकार शेजारच्या घरी चालला असावा अशा चेहऱ्याने बसली होती.

"तिने थोडं तरी खाल्लं का?"

"कुठलं! हा खातो आणि ही बघते. मी चहात साखर घालायला पाठ फिरवली, तेवढ्यात डल्ला." त्यांनी बोक्याला खाली सोडलं. तो अंग झाडून, मिशा चाटत, रोजची गस्त संपवल्यासारखा बाहेर निघून गेला. "तीनशे ताटं सांभाळली हो मी रोज. आणि इथं दोन बशा सांभाळता येत नाहीत."

ते खोटं नव्हतं. सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या. अळणी, बिनसाखरेचं, पातळ, कुटलेलं, फक्त सूप. कुठल्या खाटेला काय, हे त्यांना पाठ असायचं. अळणीवाल्याचं ताट चुकून शेजारच्या खाटेवर गेलं असं त्यांच्या काळात कधी झालं नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा लेक त्यांना इकडे घेऊन आली, त्यांच्याबरोबर हवालदारही आला. हे नाव त्याला त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांनी दिलेलं. कारण तिथेही प्रत्येक घरातून तो आपला हप्ता गोळा करत फिरायचा.

कापशी मात्र लेकीची, त्याच्या बायकोची. लग्नाआधीपासूनची. आता म्हातारी झाली होती, आणि आदल्याच आठवड्यात प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तिची मूत्रपिंडं थकली आहेत. यापुढे फक्त एकाच प्रकारचं खाणं, थोडं आणि वेळेवर. हवालदाराचं खाणं तिला विष. पंचाईत अशी की कापशीचं पथ्याचं खाणं हवालदाराला भलतंच आवडलं. ते तो संपवायचा, आणि मग उपाशी राहिलेली कापशी हळूच जाऊन त्याच्या बशीतलं खायची. म्हणजे एक चोर आणि दुसरी नाइलाजाने चोर.

"एवढ्यात वजन किती उतरलंय हिचं," तो चूळ भरून म्हणाला.

"बेबीला कळवलंत?" सासूबाईंनी लेकीचं नाव घेतलं.

"कळवलं."

त्याने डबा घेतला आणि तो कामाला गेला.

त्याचं काम दातांचं. शहरातले दंतवैद्य ठसे पाठवायचे, आणि त्यावरून तो कवळ्या घडवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांशी गाठ. माणूस एकही नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत दिव्याखाली बसून एखाद्या दाताची धार घासत राहायचं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. त्याचं भरत होतं. बायकोही पूर्वी हा विनोद करायची. ती पूल बांधणाऱ्या कंपनीत होती. वर्षाच्या सुरुवातीला एका पुलासाठी दुसऱ्या शहरात गेली, सहा महिन्यांसाठी. मग पूल लांबला. मग तिथेच दुसरं काम निघालं.

मागे घरात राहिले ते जावई आणि सासू. ज्या माणसामुळे नातं लागलं, ते माणूसच मधून उठून गेलेलं. दोघेही एकमेकांशी अतोनात सभ्यतेने वागत. तो येईपर्यंत त्या जेवून खोलीत गेलेल्या असत. टेबलावर त्याचं ताट झाकलेलं. खोलीचं दार अर्धवट उघडं, आत रेडिओ. "आलो," तो म्हणायचा. "बरं," आतून यायचं. सकाळी दूध संपल्याचं किंवा नळ गळत असल्याचं बोलणं व्हायचं, तेवढंच.

बशांनी मात्र दोघांना कामाला लावलं.

आधी त्यांनी कापशीची बशी कपाटावर ठेवली. कापशीला उडी जमेना. हवालदाराला झोपेतही जमली असती. मग कापशीला न्हाणीघरात कोंडून खायला दिलं. ती दाराशी तोंड करून बसली आणि बशीकडे फिरकली नाही. मग त्याने एक खोकं आणलं, कापशीच्या डोक्याचं आणि खांद्याचं माप घेतलं आणि तेवढंच भोक कापलं. ठसा घ्यावा तसं माप. चूक शक्य नव्हती. कापशी आत गेली, शांतपणे खाऊ लागली. दोघेही ओट्याला टेकून कौतुकाने बघत होते. तेवढ्यात हवालदाराने भोकात डोकं घातलं, मग खांदे घातले, आणि पोटाशी येऊन तो अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी खोकं अंगावर घेऊन तो घरभर धावत सुटला. कापशी वरचं झाकण ढकलून कशीबशी बाहेर पडली आणि पाणी प्यायच्या भांड्यात पाय घालून पळाली.

"धर, धर त्याला!" सासूबाई ओरडल्या. "अरे, पडद्यामागे गेला बघ!"

त्याने खोक्यासकट बोका धरला. हातावर ओरखडे निघाले. सासूबाई आयोडीन घेऊन आल्या.

"लागलं का हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "घाईत अरे-तुरे बोलून गेले मी."

"काही नाही बोललात," तो म्हणाला.

उपाय मग त्यांनीच काढला, इस्पितळातला. वाढायचं एकाच वेळी, दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ताटाशी एक माणूस. संपेपर्यंत बसायचं, संपलं की ताट उचलायचं. भिंतीच्या अलीकडे स्वयंपाकघरात कापशी आणि तो. पलीकडे, बाहेरच्या बोळात, हवालदार आणि सासूबाई. त्यांना गुडघ्यामुळे जमिनीवर बसता येत नव्हतं म्हणून एक बुटकं स्टूल.

"पण मग तुम्हाला संध्याकाळी लवकर यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"येईन," तो म्हणाला.

बायकोने हे असंख्य वेळा मागितलं होतं, आणि त्याला ते कधी जमलं नव्हतं. हे त्याच्या लक्षात जिना उतरताना आलं. तो एक पायरी थांबला आणि मग उतरू लागला.

कापशी फार सावकाश खायची. एक दाणा उचलायची, विचार करायची, मग चावायची. हवालदाराचं क्षणात उरकायचं आणि मग सासूबाईंना त्याला मांडीवर धरून ठेवावं लागायचं. पहिले काही दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूंना फक्त चावण्याचे आवाज होते. मग एकदा पलीकडून प्रश्न आला:

"तुमच्या त्या कवळ्या, माणूस मेल्यावर काय होतं हो त्यांचं?"

तो हसला. हसू दिसणार नव्हतं म्हणून मोकळेपणाने हसला. "एका बाईंनी आणून दिली होती परत. म्हणाल्या, यांना नेहमी सैल व्हायची, आता तुमच्याकडेच राहू दे."

"मग?"

"ठेवलीय खणात. टाकवत नाही."

भिंतीला तोंड नसतं, त्यामुळे बोलणं सोपं जात असावं. त्यांनी त्याला इस्पितळातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, जो रोज आपल्या ताटातलं शेजारच्या खाटेवरच्याला द्यायचा आणि पकडला गेला की म्हणायचा, मला आवडत नाही हो. त्याचे सासरे गेले तेव्हा त्या कशा दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या होत्या, आणि कुणी विचारलं तर "तीनशे माणसं जेवायची आहेत" म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं. त्यानेही सांगितलं. आपली आई लवकर गेली, घरात वडील आणि दोन भाऊ, आणि जेवताना कुणी बोलायचंच नाही. बोललं की वडील ताटावरून उठायचे.

"असं होय," पलीकडून आलं. मग, "बेबीला सांगितलं होतंत हे?"

"नाही," तो म्हणाला. "विषय निघाला नाही."

आता ताट झाकून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता. मांजरांचं झालं की दोघे टेबलाशी बसत आणि जेवत. समोरासमोर मात्र त्यांचं बोलणं पुन्हा आखडायचं.

कापशीच्या अंगावर थोडं मांस दिसू लागलं, त्याच सुमारास बायकोचा फोन कार्यशाळेत आला. ती आधी कापशीबद्दल बोलली. मग म्हणाली, मी परत येत नाहीये. आवाज शांत होता. बराच काळ मनात घोळवलेलं बोलताना असतो तसा. तो हातातला प्लास्टरचा जबडा बघत राहिला.

"आईला मी येऊन सांगेन. तू नको सांगूस," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

ती येईपर्यंतच्या संध्याकाळी तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि कापशीचे दाणे मोजल्यासारखे बघायचा. सासूबाई पलीकडून काही विचारत, तो एकेका शब्दात उत्तर देई. एकदा त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या:

"परवा बेबीने आपले उन्हाळ्याचे कपडेही मागवून घेतले. मीच पार्सल केलं. परत यायचं असलं की माणूस थोडेफार कपडे ठेवतं मागे."

भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"याचं झालं. उचलते बशी," त्या म्हणाल्या.

लेक आली ती एका रविवारी. आईला घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. तो चहा करून देऊन स्वयंपाकघरात आला आणि कापशीजवळ फरशीवर बसला. कापशीच्या खाण्याची वेळ नव्हती. तीही त्याच्याकडे जरा आश्चर्याने बघत होती.

"दुसरं कुणी आहे का?" सासूबाईंचा आवाज.

"नाही ग."

"काही बोलला? टाकून बोलला? हात उगारला?"

"आई, काहीतरीच काय. तो कधी मोठ्यानेसुद्धा बोलला नाही."

"मग?"

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "तिथे मी संध्याकाळी घरी येते तेव्हा घरात कुणी नसतं. आणि मला बरं वाटतं. इथे तो असला तरी कुणी नसायचं. ते जास्त जड जायचं."

त्याने हात पुढे केला. कापशीने तो हुंगला आणि त्यावर हनुवटी टेकली.

जेवताना तिने सगळं ठरवल्यासारखं मांडलं. भांडण कुणाचंच कुणाशी नाही. आईने तिच्याकडे यावं. दोन खोल्या आहेत, लिफ्ट आहे, गुडघ्याला बरं. हवालदारालाही आणावं. कापशीला मात्र प्रवास झेपायचा नाही, तिला इथेच राहू द्यावं.

"आणि बघ ना," ती म्हणाली, "तुमचा तो बशांचा प्रश्नही आपोआप सुटतो. दोघांना दोन घरं. हो ना?"

ती त्याच्याकडे बघत होती. सासूबाईही.

"हो," तो म्हणाला. "सुटतो."

आणखी काय म्हणणार होता तो? बायकोला थांबवायला तोंड नव्हतं, आणि बायको गेल्यावर सासूला कुठल्या तोंडाने थांबवायचं? सासूबाईंनी ताटातला घास दोनदा इकडून तिकडे केला आणि म्हणाल्या, "बॅग भरायला हवी."

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी लेक कुणा मैत्रिणीला भेटायला गेली होती. दोघांनी नेहमीसारख्या बशा मांडल्या. तो अलीकडे बसला, त्या पलीकडे.

"आता मला एकट्याला भरवता येईल हिला," तो म्हणाला.

"येईल की. न यायला काय झालं."

"राखण नको, काही नको. बशी ठेवली की काम झालं."

"हं."

हवालदार पलीकडे कचाकचा चावत होता.

"मग तुम्ही पुन्हा उशिरा याल," सासूबाई म्हणाल्या.

"लवकर आलो काय, उशिरा आलो काय."

कापशीने बशीतून मान वर केली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "ही पलीकडून तुमचा आवाज आला तरच खाते. मधे थांबलात की थांबते."

हे खरं होतं की नाही, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग सासूबाई बोलू लागल्या. इस्पितळात एकदा भांड्यांचा कारखानदार दाखल झाला होता आणि त्याने ताटांत कशा चुका काढल्या होत्या, अशी काहीतरी लांबलचक हकीकत. त्यात सांगण्यासारखं विशेष नव्हतं. त्या बोलत राहिल्या, आणि कापशीने बशी संपवली.

सकाळी टॅक्सी आली. लेकीने आपली बॅग मागे ठेवली. तो सासूबाईंची बॅग घेऊन खाली आला. सर्वांत शेवटी सासूबाई, एकेक पायरी धरून, हातात झाकणाची टोपली, खांद्यावर हवालदाराची जुनी शाल. त्यांनी टोपली मागच्या सीटवर ठेवली, तिच्याभोवती पट्टा आवळला, शाल नीट पसरली, झाकणाच्या फटीतून बोट घालून आत काहीतरी कुरवाळलं. मग दार लावलं, आणि त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"आई, दुसऱ्या बाजूने बस ना," लेक म्हणाली.

"मी नाही येत. तो येतोय."

"म्हणजे?"

"दाणे टोपलीच्या खाली आहेत. सकाळ-संध्याकाळ. जास्त मागेल, देऊ नकोस."

"अगं, वेड लागलंय का तुला? तो तुझा बोका आहे. त्याच्याशिवाय झोप येत नाही तुला."

"माझा आहे म्हणूनच देते आहे. परक्याचा दिला असता का?" त्या म्हणाल्या. पण शाल सारखी करायला म्हणून त्यांनी दार पुन्हा एकदा उघडलं आणि लावलं.

लेकीने आवाज खाली आणला. तरी त्याला ऐकू गेलंच. "आणि तू इथे राहणार कुठल्या नात्याने?"

"ते तुम्ही दोघं कागदावर काय लिहायचं ते लिहा. मला आहे तिथं बरं वाटतंय. तुला तिथं वाटतं ना, तसंच. मला काय, तुझ्याकडे येता येत नाही थोडंच? येईन की चार दिवस राहायला."

"त्याला विचारलंस?"

दोघी त्याच्याकडे वळल्या. तो बॅग हातात घेऊन उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं, चांगलं, प्रसंगाला शोभेल असं. त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली, मागे वळला आणि जिना चढू लागला.

लेक क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने आईला मिठी मारली, घट्ट, आणि गाडीत बसली. टॅक्सी वळणाआड गेली तरी सासूबाई फाटकाशीच होत्या. तो वरून खिडकीतून बघत होता. त्यांना हाक मारावी असं त्याला वाटलं, पण त्याने मारली नाही. चहाचं आधण ठेवलं.

त्या संध्याकाळी तो लवकर आला. बशी एकच होती. सासूबाई सवयीने बोळाकडे निघाल्या, अर्ध्यातून परत आल्या आणि टेबलाशी बसल्या. "तू हात धुऊन ये," त्या म्हणाल्या, "मी बसते हिच्यापाशी."

लेकीचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात, जेवायच्या वेळी. सासूबाईंना चष्म्याशिवाय बटणं दिसत नसत, म्हणून त्यानेच फोन उचलून, स्पीकर लावून टेबलावर ठेवला आणि तो उठू लागला. सासूबाईंनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

"आई, हा खात नाहीये," लेकीचा आवाज. "बशीशी जातो, हुंगतो आणि माझ्याकडे बघत बसतो. आज तर काहीच नाही. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे."

"तू कुठे जेवतेस?"

"मी? माझा काय संबंध?"

"कुठे जेवतेस ते सांग."

"ओट्याशीच. उभ्याउभ्याच काहीतरी. नाहीतर काम करता करता."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "अगं, त्याला आपल्या बशीतलं कधी गोड लागलंय का आजवर? शेजारी दुसरं कुणीतरी जेवत असलं पाहिजे. ताट वाढून घे आणि त्याच्याजवळ खाली बस."

"आत्ता? मला अजून एक मीटिंग—"

"ताटात नीट वाढून घे. रिकाम्या ताटाला तो फसायचा नाही."

पलीकडे कपाट उघडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ खुडबूड. मग लेकीचा आवाज खालून, जमिनीजवळून आल्यासारखा.

"बसले. आलाय. माझ्या ताटाकडे बघतोय."

"बघू दे. देऊ नकोस. हातात चमचा घे आणि त्याची बशी त्याच्यापुढे सरकव."

दोघेही फोनकडे बघत राहिले. मग तो ओळखीचा कचाकचा आवाज आला, इतका स्पष्ट की टेबलाखाली कापशीचे कान ताठ झाले.

"खातोय," लेक हळूच म्हणाली.

"येतंय ऐकू. आणि तू?"

थोड्या वेळाने चमचा ताटाला लागल्याचा आवाज झाला, मग आणखी एकदा.

सासूबाईंनी फोन बंद केला नाही. तो तसाच दोघांच्या मधे उताणा ठेवून त्यांनी सूप वाढलं. त्याने आपला चमचा, आवाज होणार नाही अशा बेताने, उचलला.